भाऊजी, तुमचा जप मी ऐकला

भाऊजी, हे आपलं पह्यलं बोलणं. या घरात सून म्हणून आली तवापासून मी तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नाई. भासऱ्यासमोर, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, सुनेनं बोलू नाई, पदर कपाळावरून मागं सरकू देऊ नाई, हा आपल्या सोनारायच्या घरचा कायदा. तो मी पाळला. पण मेलेल्या भासऱ्यासमोर चूप राहावं असं मले कोणी सांगतलं नाई. काल तुमची तेरवी झाली. आज पदर खांद्यावर हाये, आन् मी उंबऱ्याच्या अलीकडं नाई, तुमच्या खोलीत, तुमच्या गादीवर बसून बोलून राह्यली. पटत नसन तर उठा.

लोकं तुमच्याबद्दल लय चांगलं बोलून गेले. देवमाणूस होते, वाचासिद्धी होती, मुंगीले दुखवलं नाई. मी कोपऱ्यात बसून ऐकत होती. मुंगीले नसन दुखवलं, बाप्पा. मुंगी सोल्डर करत नाई ना.

तुमी गेले तवा मी रडली का? रडली. जाऊबाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. बाया म्हणाल्या, पाहा, धाकट्या सुनेचा किती जीव होता. कायचा जीव! तुमी सुटले म्हणून रडली मी. माह्या हाताले जे नाव तुमी ठेवलं, ते तुमच्याच तोंडानं, लोकायसमोर परत घ्याले लावीन, असं मी ठरवून बसली होती. आन् तुमी एका दुपारी छातीले हात लावून गेलेही. माणसानं इतकं पळपुटं असू नाई.

सोन्यावर सरकारचा कायदा आला तवा मी या घरात नव्हती. पण मंगरूळपीरले माह्या बाबाची ऐरण त्याच कायद्यानं थंडी पडली, म्हणून मले ठाऊक हाये, सोनाराच्या हाताले काम नसलं का ते हात कसे होतात. माह्या बाबाचे हात दिवसभर रिकामी फुंकणी पुसत राहायचे. इकडं शिरपूरले यायनं, म्हणजे तुमच्या भावानं, देवळाच्या रस्त्यावर बांगड्याचं दुकान टाकलं. यात्रेकरूच्या भरवशावर घर चालू लागलं. तुमी काही दुकानात बसले नाई. बायायच्या मनगटात काच चढवणं हे का सोनाराचं काम होय, असं म्हणत तुमी मागच्या खोलीत शिरले आन् रेडिओच्या नादी लागले. विकतच्या नाई. आपल्या हातानं बांधलेल्या.

अकोल्यावरून एसटीनं तुमी सामान आणलं ते मले आजही दिसते. धोतराच्या फडक्यात बांधलेलं. तीन-तीन पायायचे बारके तुकडे, रंगीत पट्ट्यायचे दाणे, एक स्पीकर, लाकडाची पेटी. आन् ते गँग. गँग म्हणजे पातळ पात्यायची जुडी. अर्धी पाती पक्की, अर्धी फिरती. बटण फिरवलं का एकातून एक सरकते, पण शिवत नाई. त्याच्यावरच टेसन लागते. या घरात भासरा आन् सून कसे एकमेकाजवळून जाते पण शिवत नाई, तसं ते यंत्र. मले पाह्यल्याबरोबर समजलं.

एक कानातलं बटणही आणलं होतं तुमी. केसासारख्या वायरले बोंडासारखं बटण. त्याची पिन पेटीच्या बाजूच्या भोकात घातली का स्पीकर बंद, आवाज फक्त कानात. तुमी जाऊबाईले म्हणत होते, घरात दुखणाईत असला तर कामी येईन. हे बटण ध्यानात ठेवा, भाऊजी. तुमी तर ठेवलंच होतं.

पण डोळ्यात मोतीबिंदू आन् हाताले कापरं. पह्यल्याच दिवशी तुमी एक तीन पायाचा तुकडा जाळून टाकला. मी सैपाकघरात होती. राळेचा वास आला, बाबाच्या दुकानाची आठवण झाली, मले राहवलं नाई. तुमी आंघोळीले गेले तवा मी शेगडीवर तुमची तांब्याच्या टोकाची डांडी तापवली आन् तुमी केलेला गोळ्यासारखा डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, काढून नवा देल्ला. बाबानं मले चांदीच्या जोडव्याचे सांधे जोडाले शिकवलं होतं. हे तर कथिल. तुमी आले, पाह्यलं. दुसऱ्या दिवशी डांडी माह्या शेगडीत आणून ठेवली आन् पाण्याच्या हंड्याकडं पाहून म्हटलं, "हंड्या, कालचा डाग ज्यानं देल्ला, त्यानं आजचेही द्यावे."

तवापासून आपलं काम सुरू झालं. तुमी खोलीत, मी सैपाकघरात, मधात उंबरा, उंबऱ्यावर पाट. तुमी ते तुकडे बसवलेला बोर्ड पाटावर ठेवाचे, मी उचलाची. तुमी हंड्याशी बोलाचे, मी बांगड्या वाजवाची. एकदा वाजवल्या का हो, दोनदा वाजवल्या का नाई. जाऊबाई हसून हसून बेजार. म्हणे, "माह्याशी इतकं नाई बोलले हे कधी, जितकं हंड्याशी बोलून राह्यले!"

सगळं जोडून झालं आन् पह्यल्यांदा तुमी सेल घातले. बटण फिरवलं. काईच नाई. खर्रही नाई. तुमी हंड्यावर कावले, "हंड्या, डाग कच्चे हायेत, सांग तिकडं!" मी पेटीत डोकावलं. चारातला एक सेल उलटा घातलेला. मी दोनदा बांगड्या वाजवल्या आन् तो सेल काढून सुलटा करून पाटावर ठेवला. तुमी तो पाह्यला, खाकरले आन् म्हटलं, "हंड्या, खोलीत अंधार होता." टळटळीत दुपार होती, भाऊजी.

मंग लागली ती शिट्टी. अशी शिट्टी का गल्लीतलं कुत्रं दारात येऊन रडू लागलं आन् तुमच्या आत्याबाई माळ घेऊन पळाल्या. तुमचं म्हणणं, तार छपरावर उंच बांधा. माह्यं म्हणणं, स्पीकरची वायर त्या तांब्याच्या गुंडाळीजवळून गेली हाये, तिले दूर करा. पण सांगू कसं? मी वायर उचलून इकडं ठेवाची, तुमी उचलून तिकडं ठेवाचे. मी इकडं, तुमी तिकडं. शेवटी मी तिले पेटीच्या कोपऱ्यात राळेनं चिकटवूनच टाकली. शिट्टी बंद. कुत्रं गेलं. तुमी हंड्याकडंही पाठ फिरवून बसले त्या दिवशी. आपलं पह्यलं भांडण ते. तोंडातून एक शब्द न काढता झालं आन् मी जिंकली.

तरी पेटी बंद केली का सेट मुका व्हायचा. थाप मारली का बोलाचा, हात काढला का चूप. तुमी त्याले थापा मारून मारून तबला केला. सोनाराले असा डाग ओळखू येते. वरून चकचकते, आतून धरलेला नसते. नखानं हालवून पाह्यचा. मी एकेक डाग नखानं हालवत गेली, आन् जो हालला, तो तुमचा निघाला. मी नसताना तुमी गुपचूप देल्लेला. मी तो नवा देल्ला. तुमी पाटापलीकडून सगळं पाहून राह्यले होते. म्हणून सांगते, त्या सेटात असा एकही डाग नव्हता जो माह्या हातचा नाई, आन् हे तुमाले ठाऊक होतं.

मंग एका संध्याकाळी नागपूर लागलं. साफ. कोणी बाई बातम्या सांगून राह्यली होती. जाऊबाई हातातली परात टाकून धावल्या. तुमी हंड्याच्या काठावर हात ठेवला आन् म्हटलं, "हंड्या, काही म्हण, हात सोनाराचा हाये." मी चुलीकडं तोंड फिरवलं. धूर नसतानाही डोळे पुसले. माह्या बाबानं मले असं कधी म्हटलं नव्हतं, लेकीले कोण म्हणते? त्या वाक्याचा उपकार मी नाकारत नाई. त्याच्यावर मी दसऱ्यापर्यंत जगली.

दसऱ्याले सोनाराच्या घरी हत्याराची पूजा. ऐरण, हातोडी, चिमटा, फुंकणी, सगळं धुवून पुसून पाटावर. तुमी ठरवलं, रेडिओही यंदाचं नवं हत्यार, पूजा करून चार लोकायसमोरच सुरू कराचा. मंगरूळपीर, मालेगाव, जिकडून तिकडून सोयरे बोलावले. आत्याबाई पुढं बसल्या. आन् तुमी काय केलं? सेट पेटीतून बाहेर काढला. उघडा. पाती वर, डाग वर, सगळं नागडं. कोणीतरी म्हटलंही, पेटीसकट राहू द्या ना. तुमी म्हणाले, "झाकल्या हत्याराची पूजा लागत नसते."

हे सोनारच करू जाणे, बाप्पा. ऐरणीवर हळद-कुंकू वाहून, नारळाचं पाणी शिंपडून शंभर पिढ्या गेल्या, ऐरणीचं काय बिघडते? मी दाराआड उभी. तुमी बोट बुडवून कुंकवाचं ओलं बोट गँगच्या पात्यावर ओढलं. मी बांगड्या वाजवल्या. दोनदा. तुमी वर पाह्यलं नाई. तुमी नारळ फोडला आन् वाटीतलं पाणी त्याच्यावर शिंपडू लागले. मी बांगड्या वाजवल्या, वाजवल्या, इतक्या वाजवल्या का एक फुटून मनगटात रुतली. आत्याबाई म्हणाल्या, "धाकटीले काय घाई झाली एवढी?" सगळे हसले. तुमीही हसले. मले तोंड होतं, भाऊजी. तुमच्या घरच्या कायद्यानं ते शिवलेलं होतं.

तुमी बटण फिरवलं. एकदा खर्र झालं आन् सेट मेला. तुमी सेल काढले, घातले. फिरवलं, थापटलं. काईच नाई. सोयरे एकमेकाकडं पाहू लागले. मालेगावचे व्याही मिशीत हसून राह्यले. मंग आत्याबाईनं विचारलं, "याचे डाग कोणी देल्ले?"

तिथं तुमाले एक वाक्य बोलाचं होतं. पाणी पडलं, वाळू द्या, उद्या ऐका. एवढंच. तुमी या वेळी हंड्याकडंही पाह्यलं नाई. सरळ लोकायकडं पाहून म्हटलं, "माह्ये नाई ते. धाकटीच्या हातचे होत. तिच्या हाताले गुण नाई."

त्याच दिवशी संध्याकाळी मी यायच्याजवळ निरोप पाठवला. म्हटलं, तुमच्या दादाले सांगा, डागाले काही झालं नाई, पात्यात नारळाचं पाणी गेलं हाये. कापसाची वात करून स्पिरिटमधी भिजवा, एकेका पात्यामधून फिरवा, उन्हात ठेवा, सेट बोलीन. यायनं सांगतलं. तुमचं उत्तर आलं, "बाईमाणसानं यंत्र शिकवू नाई." आन् सेट फडक्यात बांधून फडताळात गेला. आत्याबाई म्हणे, मेलेलं यंत्र घरात नको, फेका. तुमी म्हणाले, राहू द्या, आठवण म्हणून.

हाताले गुण नाई. तीनच शब्द, पण शिरपूरभर गेले. आत्याबाईले पाय फुटले होते. लोणचं घालाच्या दिवशी मले कैऱ्या चिरू देईनात, नासतीन म्हणे. पापडाच्या पिठाले मी हात लावला का बाया एकमेकीले कोपरानं ढोसत. शेजारी शिलाई मशीन आली, सगळ्याजणीनं चाक फिरवून पाह्यलं, मी गेली तवा तिच्यावर चादर टाकलेली. तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण शोभा, तुमची लेक, जिले मी न्हाऊ घातलं, जिच्या वेण्या घातल्या, तिच्या लग्नात हळद फोडाची होती. मी मुसळाले हात घातला आन् जाऊबाईनंच माह्यं मनगट धरलं. हळूच. म्हणे, "कमल, राहू दे वो. आत्याबाई पाहून राह्यल्या." त्या दिवशी मी देवाजवळ काय मागतलं ते सांगत नाई. पण तुमच्यासाठी चांगलं नव्हतं.

आन् तुमी? तुमी जपाले बसू लागले. दुपारचं जेवण झालं का मागची खोली, दार लोटलेलं, धाबळी डोक्यावरून घेतलेली. कोणी बोलाचं नाई, लेकरायनं खेळाचं नाई. आमी पायाच्या बोटावर चालाचो. मी चहा घेऊन उंबऱ्यावर उभी राहाची, बांगड्या वाजवाची, तुमी हालत नसा. मले वाटे, इतकं ध्यान लागते माणसाचं! एकदा तर मनात आलं, एवढ्या जपानं याले पश्चात्ताप होईन कधीतरी. खुळी मी.

मंग एक दिवस तुमी जेवता जेवता म्हटलं, "उद्या पाणी येते." आन् आलं. दुसऱ्यांदा कापसाचा भाव सांगतला, तोही तसाच निघाला. मुंबईले काय झालं, दिल्लीले कोण पडलं, पेपर यायच्या आधी तुमच्या तोंडातून. झालं! किन्हीराजा गावचे शेतकरी बैलगाड्या जुंपून विचाराले येऊ लागले, पेरणी कधी करू? तुमी डोळे मिटून म्हणाचे, थांबा, उद्या सांगतो. उद्या दुपारी जप, संध्याकाळी उत्तर. लोकं पाया पडत. जाऊबाई नारळ गोळा करून करून थकल्या. इतके टॉर्चचे सेल या घरात काहून लागते, हे मात्र कोणीच विचारलं नाई. घरात टॉर्च एकच, आन् तो खाटेखाली धूळ खात पडलेला.

एकाच घरात, भाऊजी. इकडं तुमच्या जिभेले सिद्धी, तिकडं माह्या हाताले अवगुण. लोकं तुमच्या पाया पडाले येत आन् मी चहाचा कप देल्ला तर दुसरीकडून मागत.

दहावा झाल्यावर जाऊबाई आन् मी ही खोली झाडाले घेतली. गादी उचलली तर खाली ती वायर. केसासारखी. टोकाले बटण. जाऊबाईनं उचलून पाह्यली, म्हणाल्या, "हे काय होय वो, कमल? कानात घालाचं औषध होय का?" माह्या हातातला झाडू तसाच राह्यला. म्हटलं, "आणा इकडं, मी पाहते." फडताळ उघडलं. फडकं सोडलं. पेटीवर धूळ नाई. आतमधी सेल नवेकोरे.

मागची पाटी काढली. माह्ये डाग जसेच्या तसे. एकही नवा नाई, एकही बदललेला नाई. पात्याच्या कडेले कुंकवाची लाल रेघ राह्यली होती. आन् दोन पात्यायच्या मधात, कोपऱ्यात, कापसाची एक बारकी कुसळी अडकलेली. कापसाची वात, भाऊजी! स्पिरिटमधी भिजवून, एकेका पात्यामधून फिरवून! बाईमाणसानं शिकवू नाई म्हणे. शिकवलं ते अक्षर न् अक्षर केलं तुमी, फक्त दार लोटून केलं. मी पिन भोकात घातली, बटण कानात घातलं, सेट सुरू केला. जाऊबाई खोली झाडून राह्यल्या होत्या आन् माह्या कानात नागपूर बोलून राह्यलं होतं. मोठ्यानं. तुमाले कमी ऐकू येत होतं, म्हणून आवाज पुरा चढवून ठेवलेला.

तुमी इतके वर्स माह्या हातातून ऐकलं. त्या बाईचा शब्द न् शब्द माह्या डागातून तुमच्या कानात गेला. त्याच्यावर तुमी देव झाले. आन् सेट लोकायसमोर बोलला असता तर एक गोष्ट कबूल करावी लागली असती, एवढ्यासाठी तुमी धाबळीखाली घामानं भिजत बसले. उन्हाळ्यातही! खरं सांगते, क्षणभर हसू आलं मले. मंग असा संताप आला का वाटलं, हा सेट न्यावा आन् तुमच्या राखेवर आपटावा. पण मी सोनाराची लेक. घडवलेली वस्तू आपटत नाई. मी फडकं होतं तसं बांधलं आन् तेरवीची वाट पाह्यली.

काल सगळे होते. दसऱ्याले होते तेच सोयरे, वर किन्हीराजाचे शेतकरी. तुमचा फोटो पाटावर, हार, पुढं तुमच्या आवडीचं ताट. जेवणं झाली. किन्हीराजाचे एक म्हातारे उठले, हात जोडून म्हणाले, "आमची एक विनंती हाये. बुवा जिथं जप करत होते ती खोली तशीच ठेवा. रोज दिवा लावा. आमी दर अमावास्येले येत जाऊ. मोठी जागा होय ती, बाप्पा." सगळ्यायच्या माना हालल्या. हे म्हणाले, ठेवू. आत्याबाईनं डोळ्याले पदर लावला.

मी उठली. फडताळातून सेट आणला आन् तुमच्या फोटोपुढं पाटावर ठेवला. पेटीसकट. वायर भोकात, बटण तुमच्या ताटाजवळ. सेट सुरू केला. अर्थात काही ऐकू आलं नाई. आत्याबाई तिथूनच कडाडल्या, "अवो, आजच्या दिवशी तरी हात आवर! मेलेलं यंत्र कायले आणलं मेलेल्या माणसापुढं? तुह्या हाताले..."

मी बांगड्या वाजवल्या. दोनदा.

आन् पिन ओढली.

काय ओरडला तो सेट! अंगणातले कावळे उडाले, कोणाच्या तरी हातातला पेला पडला. नागपूरची बाई खणखणीत आवाजात सांगून राह्यली होती, विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडीन, मंग कापसाचे भाव, मंग तुरीचे. एकही डाग हालला नाई. कोणी हालत नव्हतं. म्हाताऱ्यायचे हात जोडलेले तसेच राह्यले. मंग त्यायनं ताटाजवळच्या बटणाकडं पाह्यलं, वायरीकडं पाह्यलं, तुमच्या फोटोकडं पाह्यलं आन् हळूच हात खाली घेतले. त्यायच्या मांगून कोणीतरी म्हटलं, "म्हणजे... पाणी येते ते... यातून?"

जाऊबाईले सगळ्यात आधी समजलं. त्यायनं तोंडावर पदर दाबला. मले वाटलं, रडून राह्यल्या. पण पोट हालत होतं. इतके वर्स पायाच्या बोटावर चाललेल्या बाईचं पोट, भाऊजी, गदागदा हालत होतं. पदराआडून म्हणाल्या, "अवो, मी जपाले तूप-साखर ठेवत होती यायच्या!" आन् तेरवीच्या घरात लोकं हसले. पह्यले हळू, मंग जोरात. मालेगावचे व्याही तर खांबाले धरून. मले लय गोड वाटलं. खोटं कायले बोलू? वीस पुरणपोळ्या खाऊन वाटलं नसतं इतकं गोड वाटलं.

यायनं मले विचारलं, "कमल, हा कधीपासून चालते? मंग तवा बिघडला कायनं होता?"

मी यायच्याकडं पाह्यलं नाई. आत्याबाईकडं पाह्यलं नाई. कोपऱ्यातल्या हंड्याकडं तोंड केलं, तुमी करत होते तसं. म्हटलं, "हंड्या, यायले सांग, दादाले विचारा म्हणावं. डाग कोणाचे होते तेही विचारा म्हणावं."

सगळे तुमच्या फोटोकडं पाहू लागले. खरंच पाहू लागले, भाऊजी, जसं काही तुमी आता खाकरान आन् बोलान. रेडिओ बोलून राह्यला होता, तुमी नाई. कोणीतरी आवाज कमी कराले हात पुढं केला, तर आत्याबाईच म्हणाल्या, "राहू द्या. तिलेच करू द्या. तिचा हाये." आन् शोभा उठली, तिचं तान्हं लेकरू, ज्याच्या पाळण्याले मले हात लावू देल्ला नव्हता, तिनं ते माह्या मांडीवर ठेवलं आन् जाऊन बसली.

मी तुमाले माफ केलं असं समजू नका. तसं काही झालेलं नाई. हा सेट आता सैपाकघरात हाये, दिवसभर मोठ्यानं चालते, तुमच्या खोलीपर्यंत ऐकू येते. दिवा लावाले कोणी येणार नाई, ते किन्हीराजाचे म्हातारे जाताना सेटच कुठून घेतला ते विचारून गेले. तुमाले सांगाचं असन, का पाणी मीच शिंपडलं, का डाग धाकटीचे होते, का हात सोनाराचा होता. सांगाचं असन तुमाले, मले माहीत हाये. मलेही दसऱ्याच्या दिवशी सांगाचं होतं.

आता तुमी चूप बसा.